पाठीवरचं करट आणि काळपुळी



कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या, किंवा तिकडे उसाच्या फडात कोयते चालू झाले, की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. माणूस सदरा वर करतो, पाठ फिरवून बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, जरा बघा. पाठीत काहीतरी उठलंय. हात पुरत नाही, दिसतही नाही, पण रात्रभर ठणकतंय." हेच पाठीवरचं करट. कुणी त्याला गळू म्हणतं, कुणी केसतूड, कुणी नुसताच फोड.

हे दुखणं तसं साधं आहे. बहुतेक करटं घरच्या शेकानं पिकतात, फुटतात आणि पंधरा-वीस दिवसांत भरून येतात. मग त्यावर एवढं पत्रक कशाला, असं कुणी विचारील. कारण असं की, पाठीवर उठलेलं प्रत्येक करट हे साधं करट नसतं. कधी ती काळपुळी असते, आणि काळपुळीच्या मागं पुष्कळ वेळा रक्तातली साखर वाढलेली असते. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्या दृष्टीनं तो एक फोड असतो, आणि तो चुना-गूळ लावून कामाला जात राहतो. या पत्रकातली बाकीची माहिती विसरलात तरी चालेल, पण काळपुळीची तेवढी लक्षात ठेवा.

करट उठतं कसं

तळहात आणि तळपाय सोडले तर आपल्या अंगावर जवळजवळ सगळीकडे बारीक लव आहे. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीकशा खोबणीत उगवलेला असतो. या खोबणीत पू करणारे जंतू शिरले की करट उठते. केसतूड या नावात केस आहे, तो उगीच नाही.

हे जंतू कोणते, ते कळून दीडशे वर्षंही झालेली नाहीत. १८८० साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरातले शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. त्यात त्यांना गोल गोल जंतूंचे घोस दिसले, अगदी द्राक्षाच्या घडासारखे. म्हणून त्यांनी त्या जंतूंना 'स्टॅफिलोकोकस' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षाचा घड. पुढे १८८४ साली जर्मनीतील रोझेनबाख यांनी त्यातल्या सोनेरी रंगाच्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, असं नाव जोडलं. आपल्या पाठीवरचं करट बहुतेक वेळा याच सोनेरी जंतूचं असतं.

हा जंतू कुठून बाहेरून येतो असं नाही. दर तीन-चार निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकपुडीत तो मुक्कामाला असतो, आणि त्याला काही त्रास देत नाही. नाकातून बोटांवर, बोटांवरून पंचावर, पंचावरून पाठीवर असा त्याचा प्रवास चालतो. धड कातडीवर तो पडून राहतो. त्याला आत शिरायला वाट लागते, आणि ती वाट आपणच करून देतो.

फवारणीचा पंप पाठीवर घेऊन माणूस दिवसभर फिरतो. पट्टे खांद्याला घासतात, टाकी पाठीला घासते, सदरा घामानं चिंब होऊन अंगाला चिकटतो. बाजार समितीतल्या हमालाच्या पाठीवर तागाचं पोतं असतं. उसाची मोळी उचलून गाडीत भरणाऱ्याच्या मानेवर आणि खांद्यावर पाचटाची कुसळं रुततात, खाज सुटते, नखं लागतात. घामोळं असेल तर विचारूच नका. घासलेल्या, ओल्या, खाजवलेल्या कातडीत जंतूला शंभर वाटा सापडतात.

पंपाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. पंप गळत असेल तर पाठ नुसती ओली होत नाही, त्या ओलीबरोबर औषधही अंगात मुरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. गळका पंप पाठीवर घेऊ नये, मग करट असो वा नसो.

बैलाच्या मानेवर जोखडानं सूज आली तर आपण काय करतो? त्याला चार-आठ दिवस जुंपत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा खांदा हळद-लोणी लावून मळतो. स्वतःच्या पाठीला मात्र ही सवलत आपण देत नाही.

आता एका गैरसमजाबद्दल. "रक्त खराब झालंय, ते बाहेर पडतंय," असं करटाविषयी म्हणतात. पू म्हणजे खराब रक्त नव्हे. जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून जातात. त्या लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेला मांसाचा भाग मिळून पू होतो. म्हणून रक्तशुद्धीच्या बाटल्या पिऊन करट जात नाही.

दुसरा समज आंब्याचा. आंबे खाल्ले की गळवं होतात म्हणतात. आंबा येतो तो वैशाख-जेठाच्या उकाड्यात. तेव्हाच घाम आणि घामोळं असतं, पाण्याची टंचाई असते, आंघोळ धड होत नाही. करटाचं खरं कारण ते. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला किंवा हाताला लागून कातडी भाजते, ती गोष्ट वेगळी. पण चार आंबे खाल्ल्यावर दर साल गळवं उठत असतील, तर साखर एकदा जरूर तपासून घ्या. आंब्यानं करट होत नाही, पण लपलेला मधुमेह असा उघडा पडू शकतो.

शेक कसा द्यावा

पहिल्या दोन दिवसांत वाटाण्याएवढी लाल, कडक, दुखरी गाठ येते. पुढच्या चार-सहा दिवसांत ती मोठी होते, मऊ पडते, मधोमध पिवळं तोंड धरते आणि फुटते. पुवाबरोबर आतला पांढरट चिकट गाभा निघून गेला की ठणका एकदम थांबतो. आपलं काम एवढंच, की हे सगळं लवकर आणि सुखरूप व्हावं. त्याला ओला शेक पुरतो.

पाणी उकळून घ्यावं आणि सोसेल इतपत कोमट होऊ द्यावं. स्वच्छ धुतलेलं सुती फडकं त्यात बुडवून, पिळून, करटावर ठेवावं. गार झालं की पुन्हा बुडवावं. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाठीला आपला हात पुरत नाही, तेव्हा हे काम घरातल्या कुणाला तरी करावं लागणार. त्यानं आधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत. आधी न धुतले तर त्याचे जंतू तुमच्याकडे येतात, आणि नंतर न धुतले तर तुमचे त्याच्याकडे जातात. पाणी किती गरम ते शेकणाऱ्यानं स्वतःच्या मनगटावर पाहावं. मधुमेह असलेल्यांची कातडी कधी कधी बधिर असते, त्यांना भाजलेलं कळतही नाही.

गव्हाच्या पिठाचं हळद घालून केलेलं पोटीस आपल्याकडे पूर्वापार लावतात. त्याला माझी हरकत नाही. गुण येतो तो मुख्यतः उबेचा. मात्र पोटीस कढत नको, आणि फुटलेल्या करटावर तर ते लावूच नये. नंतर पिठाचे कण जखमेत राहतात.

पाठ स्वतःला दिसत नाही, त्यामुळे करट वाढतंय की ओसरतंय हे कळत नाही. हल्ली घरोघरी मोबाइल आहे. रोज एकाच वेळी पाठीचा एक फोटो काढायला सांगा. लाली जिथपर्यंत आहे तिथं पेनानं रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गेली असेल तर घरी थांबू नका.

करट फुटलं की साबण-पाण्यानं भोवतालचा भाग धुवावा, स्वच्छ कापसाची किंवा जाळीची घडी ठेवून चिकटपट्टी लावावी, आणि ती भिजली की बदलावी. काढलेली पट्टी अंगणात किंवा गोठ्यात न टाकता कागदात गुंडाळून जाळावी.

दाबू नका, टोचू नका

करट पिकलं की अंगठ्यानं दाबून काढण्याचा मोह होतो. घरात या कामात तरबेज असलेला एखादा तरी असतोच. त्याला हात जोडून नको म्हणा. करटाभोवती शरीरानं एक कुंपण घातलेलं असतं, जंतू पुढं जाऊ नयेत म्हणून. दाबलं की ते कुंपण फुटतं आणि पू बाहेर येण्याऐवजी आत खोल जातो, क्वचित रक्तातही जातो. बाभळीचा काटा किंवा घरची सुई टोचणं त्याच जातीचं.

चुना-गुळाचा लेप कातडी जाळतो. बिब्ब्याचं तर नावच काढू नये. त्याच्या तेलानं कातडी भाजून मोठे फोड येतात, आणि करट बाजूला राहून ते भाजलेलंच महिनाभर पुरतं. शेण, चुलीतली राख, माती, तंबाखूची गोळी यांतलं काहीही उघड्या जखमेवर नको. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. कुणी आधीच असं काही लावलं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, म्हणजे ते धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा विचार करतील. सांगितलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी ऐकून घ्यावं.

काळपुळी

आता मुख्य गोष्ट. मानेच्या मागची आणि पाठीची कातडी शरीरात फार जाड. करटाचा पू इथं कधी कधी वर तोंड काढू शकत नाही. वरची जमीन घट्ट असली की पाणी आडवं पसरत जातं आणि बांधाला चार ठिकाणी पाझरतं, तसा हा पू कातडीखाली आडवा पसरतो. शेजारच्या खोबण्याही त्यात सापडतात. मग एका तोंडाऐवजी चार-सहा तोंडं फुटतात, आणि वरून चाळणीसारखं दिसतं. भोवतालची जागा लाकडासारखी कडक होते. मधलं मांस मरून काळसर पडतं. ताप येतो, थंडी वाजते, जेवण जात नाही. ही काळपुळी. ती कुणालाही होऊ शकते, पण चाळिशीच्या पुढच्या माणसाला, आणि त्यातही मधुमेह्याला जास्त.

साखरेचा आणि काळपुळीचा संबंध असा. रक्तात साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी मंद होतात. जंतूपर्यंत पोचायला त्यांना उशीर होतो, पोचल्या तरी मारा कमी पडतो. जंतूंचं फावतं. उलट, काळपुळीच्या तापानं आणि जंतूंच्या विषानं साखर आणखी वाढते. अशी ही दोन दुखणी एकमेकांना पोसतात. १९२२ साली कॅनडातल्या टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्शुलिन देण्यात आलं. त्याच्या आधीच्या काळात मधुमेह्याच्या पाठीवरची काळपुळी म्हणजे जिवावरचंच दुखणं होतं.

एक उदाहरण सांगतो. पन्नाशीचे एक काका आले. दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताएवढी सूज, त्यात पाच तोंडं. बारा-पंधरा दिवस लेप लावत होते. मी विचारलं, "काका, तहान फार लागते का?" म्हणाले, "उन्हाळा आहे, तहान लागणारच." "रात्री लघवीला किती वेळा उठता?" काका गप्प. काकू म्हणाल्या, "चार-पाच वेळा तरी. सदरे बघा कसे ढगळ झालेत यांना. मी सांगते दवाखान्यात जा म्हणून, पण ऐकतील तर शपथ!" साखर तपासली, ती साडेतीनशेच्या वर. काकांना मधुमेह होता, आणि तो त्यांना पाठीवरच्या काळपुळीनं कळवला. तालुक्याच्या रुग्णालयात भूल देऊन मेलेलं मांस काढावं लागलं, इन्शुलिन सुरू झालं, जखम भरायला दीड महिना लागला. पंधरा दिवस आधी आले असते तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं. पण आले, हेही काही कमी नाही.

म्हणून पाठीवर मोठं करट, काळपुळी, किंवा वर्षातून दोन-तीनदा करटं उठत असतील, तर साखर तपासायचीच. वय किती, अंगानं बारीक की जाड, घराण्यात कुणाला आहे की नाही, हे पाहत बसू नका. बोटाला टोचून एका थेंबात काम होतं. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीच्या पुढच्या सर्वांसाठी ही तपासणी विनामूल्य आहे. उपाशीपोटी रक्तात १०० मिलिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त साखर निघाली, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह समजतात. दुखण्यामुळे साखर तात्पुरतीही चढते, त्यासाठी डॉक्टर मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी आणखी एक तपासणी करतात. ती साडेसहा टक्के किंवा वर आली, तर साखर आजची नाही, जुनी आहे.

लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह, असं जुनी माणसं म्हणत. ते खोटं नाही, पण त्याची वाट पाहू नये. रक्तातली साखर १८०च्या आसपास गेल्यावरच ती साधारणपणे लघवीत उतरते. मुंग्या येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

डॉक्टर काय करतात

पिकलेल्या गळवाचा खरा इलाज म्हणजे चीर देऊन पू काढणं. जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, लहानशी चीर घेतात, आतला पू साफ करतात. कधी आत जाळीच्या कापडाची पट्टी ठेवतात, म्हणजे तोंड लवकर मिटत नाही. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. वरून मिटली आणि खाली पू राहिला, की महिन्याभरात पुन्हा तेच. म्हणून पट्टी बदलायला बोलावलं तेवढ्या दिवशी जावं. कापूस वेचायचा राहिला, पाण्याची पाळी आहे, ही कारणं मला माहीत आहेत, पण तरी जावं.

पुष्कळांना कापण्याची भीती वाटते. ते औषधाच्या दुकानात जातात आणि "गळवाच्या गोळ्या द्या" म्हणून चार गोळ्या घेऊन येतात. साचलेल्या पुवात गोळीचं औषध नीट पोचत नाही. शिवाय दोन दिवस घेऊन सोडून दिली, की अर्धमेले जंतू त्या औषधाला सरावतात. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, तो याच द्राक्षघड जंतूच्या बशीत बुरशी पडल्यामुळं. आज त्याच जंतूच्या बहुतेक जाती साध्या पेनिसिलिनला दाद देत नाहीत. काही जाती तर त्याच्यानंतरच्या औषधांनाही दाद देत नाहीत. कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावं. लहान करटाला गोळी लागतच नाही. ताप असेल, लाली पसरत असेल, काळपुळी असेल, मधुमेह असेल, तर लागते, आणि मग ती ठरलेले सगळे दिवस घ्यायची.

करटासारखं दिसणारं

पाठीवर वर्षानुवर्षं असलेली मऊ गाठ, जिच्यावर काळा ठिपका आहे, ती मेदाची गाठ असते. ती अचानक लाल होऊन दुखू लागली तर दाबू नये, दाखवावी. कमरेवर किंवा बरगडीवर एकाच बाजूला पट्ट्यासारखे बारीक पाणीदार फोड आणि आगआग झाली, तर ती नागीण. तिचं औषध वेगळं आणि पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेलं बरं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मणक्याजवळ हळूहळू वाढणारी सूज आहे, हाताला गरम लागत नाही, फारशी दुखत नाही, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणं आहे. हे क्षयाचं 'थंड गळू' असू शकतं. गावात कुणाकडून ते फोडून घेतलं, तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. त्याला क्षयाचे उपचार लागतात आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

एकाला झालं, मग दुसऱ्याला

काही घरांत करटं जायचं नावच घेत नाहीत. आज बापाला, उद्या पोराला. ती आनुवंशिक नसतात. बहुधा पंचा, अंथरूण आणि दाढीचं पातं यांतून ती फिरत असतात. करट असलेल्याचा पंचा, सदरा, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, गरम पाण्यात धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. कामावरून आल्यावर पाठ साबणानं धुवावी. पाणी कमी असेल तर एवढी तरी. नखं कापलेली असावीत. पंपाच्या पट्ट्यांखाली सुती कापडाची जाड घडी घ्यावी, आणि ते पट्टेही अधूनमधून धुवावेत. एवढं करूनही दोन महिन्यांत पुन्हा करट उठलं तर डॉक्टर नाकात लावायचं मलम देतात. नाकातला जंतूचा मुक्काम उठवल्यावर पुष्कळांची सुटका होते.

ताप आणि थंडी, करटापासून निघालेली लाल रेघ, लिंबापेक्षा मोठी सूज, एकापेक्षा जास्त तोंडं, आठवडाभर शेकूनही उतार नाही, यांतलं काहीही असेल तर दवाखान्यात जायचं. मधुमेही, गरोदर बाई, तान्हं मूल आणि म्हातारं माणूस यांनी एवढंही थांबू नये.

आणि एक. क्वचितच घडतं, पण घडतं. करट बरं झाल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत मणक्यात खोल दुखायला लागतं, ताप येतो, पाय जड वाटतात, मुंग्या येतात, किंवा लघवी अडते. जंतू रक्तातून मणक्यात उतरल्याची ही खूण असू शकते. ही कंबर धरल्याची गोष्ट नव्हे. मालीश, झाडपाला, सकाळपर्यंत बघू, यांतलं काही करू नका. १०८ ला फोन करून माणसाला त्याच रात्री जिल्ह्याच्या रुग्णालयात न्या, आणि मागं पाठीवर करट होतं हे तिथल्या डॉक्टरांना सांगा.